आबांची भरती

आबा कुणाच्याही दारात उभे राहिले, की आधी छाती भरून श्वास घ्यायचे, तो क्षणभर आत कोंडून धरायचे आणि मगच बोलायचे. मग विचारायचं "कढीपत्ता हाय का जरा?" एवढंच का असेना. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारबुवांना दमा दिसतोय. मलाही तसंच वाटलं होतं. मी घाईघाईनं पाणी आणून दिलं आणि त्यांनीही ते मुकाट्यानं पिऊन टाकलं.

त्या श्वासामागची हकीकत मला पुढे कळली. आबा साताऱ्याकडचे, वाईच्या बाजूच्या एका खेड्यातले. गावात घरटी एक माणूस फौजेत. लग्नाच्या मांडवात पुढच्या खुर्च्या फौजींसाठी ठेवलेल्या. आबाही वयात आल्यावर भरतीला गेले, सगळ्यांच्या पुढे धावले, दोर चढले. पण फुगवलेली छाती बोटभर कमी भरली. तिथल्या माणसानं टेप गुंडाळली आणि "नेक्स्ट" म्हणाला. मग आबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बरोबरीचे सुभेदार झाले, कॅप्टन झाले. आबांना गाव "काटेवाले" म्हणू लागलं.

"सगळं गाव पाकिस्तानच्या हद्दीवर, आन् मी आपला उसाच्या गाड्यांवर नजर ठेवून," असं ते हसत हसत सांगायचे. त्या हसण्याला तुम्ही फसला नसता. मीही फसले नाही.

इकडे परदेशात, जगाच्या दक्षिण टोकाला, बॉटनी डाउन्स नावाच्या उपनगरात आबांच्या मुलाच्या आणि माझ्या घराचा ड्राइव्हवे सामाईक आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअर, सून बँकेत. आबांची बायको वारल्यावर मुलानं आबांना इकडे आणलं. दिवसभर घरात कुणी नाही. आबा टाउन सेंटरपर्यंत चालत जायचे, तिथल्या बाकावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कियोरा", म्हणजे इकडचा रामराम, म्हणायचे आणि चालत परत यायचे. हे मुलाच्या दृष्टीनं उत्तम चाललेलं होतं.

एका रविवारी मी ड्राइव्हवेत एक भलामोठा लाकडी दांडा दोन्ही हातांत उभा धरून पुढे-मागे चालत होते. दांडा माझ्या घराच्या पन्हाळीला लागत होता. आबा कुंपणाशी आले, श्वास भरला.

"पोरी, कुठली जळमटं काढतीस?"

"जळमटं नाही आबा, भाला आहे. लढाईची प्रॅक्टिस."

आबांनी कोंडलेला श्वास एकदम सोडला.

आता हे तुम्हालाही नीट सांगायला हवं, नाहीतर माझ्याबद्दल भलताच ग्रह व्हायचा. मी ईस्ट टामाकीत एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. तिथला माझा साहेब म्हणजे थंडीतही हाफ पँट घालणारा, सहा फुटी, गोरा, अतिशय भला गृहस्थ. त्याला एकच वेड. काहीशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जी यादवी झाली, तिची सगळ्यात मोठी, निकाल लावणारी लढाई तो आणि त्याच्यासारखे हौशी लोक दर फेब्रुवारीला, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यात, पुकेकोहेच्या एका शेतात पुन्हा लढतात. जुने लोकरी कोट, फुगीर चड्ड्या, भाले, नगारे, बिनगोळीच्या बंदुका, सगळं यथासांग. साहेब पार्लमेंटच्या एका तुकडीचा कॅप्टन. ती तुकडी स्वयंसेवकांची. खऱ्या लढाईतही ती तशीच होती म्हणे: बेकरीवाले, चांभार, सुतार, दुकानातली शिकाऊ माणसं. ज्यांनी आयुष्यात कधी शस्त्र धरलं नव्हतं, ते आपणहून उभे राहिले. मी फुकटच्या सॉसेजसाठी गेले आणि अडकले.

हे सगळं मी आबांना कुंपणावरून समजावलं. राजा, पार्लमेंट, कर, धर्म, गावोगावी पडलेली फूट. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भावकी."

चार पुस्तकं वाचून साहेबाला जे सांगायला अर्धा तास लागतो, ते असं एका शब्दात आटोपलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आन् भरतीला छाती किती लागती?"

"काही लागत नाही आबा. माणसं कमीच पडतात."

पुढच्या रविवारी सरावाला निघाले, तर आबा माझ्या गाडीशेजारी उभे. दाढी केलेली, बूट पॉलिश केलेले. साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी साहेबाकडे पाहिलं आणि छाती भरली. साहेब म्हणाला, "स्वीट ॲज!", म्हणजे इकडच्या भाषेत झकास, आणि आबांच्या हातात भाला दिला. बाहत्तराव्या वर्षी आबा भरती झाले.

प्रत्येक शिपायाला एक भूमिका घ्यावी लागते, म्हणजे तुम्ही मूळचे कोण, घर सोडून का आलात. साहेबानं आबांना बेकरीवाला केलं. आबांना त्यातलं एकच पटेना. "ह्याला खरंच कुणी न्हाई म्हणालं न्हाई? मोजमाप न्हाई, काई न्हाई? आला आन् हुबा ऱ्हायला?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "नशीबवान हुता बेकरीवाला."

लढाई म्हणजे काय, हे सिनेमात बघून कळत नाही. आमच्यासारख्या खोट्या शिपायांनाही थोडंफार कळतं ते असं, की लढाईतला बहुतेक वेळ उभं राहण्यातच जातो. लोकरीच्या कोटात आपण शिजत असतो. त्या काळच्या बुटांना डावा-उजवा नसतो, त्यामुळे दोन्ही पाय सारखेच दुखतात. समोर दिसते ती पुढच्या माणसाची मान. नगारा वाजला की, समोरच्या रांगेत आपला नेहमीचा दातांचा डॉक्टर उभा आहे हे माहीत असूनही, आपण त्याच्याकडे शत्रू म्हणूनच बघतो. मग भाले उभे धरून दोन्हीकडच्या रांगा खांद्याला खांदा लावतात आणि एकमेकींना रेटतात. रग्बीतल्या स्क्रमचा हा खापरपणजोबा समजा. आबांना पुढच्या रांगेत जागा मिळाली, आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी मी.

पण एक भानगड होती. खऱ्या लढाईत राजाच्या पायदळानं आमच्या तुकडीला रेटून मागे हटवलं होतं. आमची माणसं टेकाडामागे पळाली. मग बाजूनं पार्लमेंटचं घोडदळ आलं आणि बाजी पलटली. इतिहास तसा, म्हणून आम्हीही तसंच करायचो. ठरल्या वेळी रांग मोडायची, ओरडत मागे पळायचं आणि पोनी क्लबची तीन घोडी येऊन आपल्याला वाचवेपर्यंत टेकाडामागे पाणी पीत बसायचं.

पहिल्या वर्षी आबा आमच्याबरोबर पळाले. टेकाडामागे सगळे हसत होते, कोट काढत होते. आबा भाला धरून एका बाजूला उभे. सॉसेजला नको म्हणाले. 

"पळालो," परतताना गाडीत ते म्हणाले.

"आबा, नाटक आहे ते."

"असंल. पाय माझंच हुतं न्हवं?"

मी रेडिओ लावला.

त्यानंतरचा अख्खा हिवाळा त्यांनी साहेबाचा पिच्छा पुरवला. दर रविवारी माझ्यामार्फत तोच प्रश्न: त्या दिवशी कुणीच थांबलं नव्हतं का? साहेब म्हणायचा, "सॉरी मेट, इतिहास आहे." आबा म्हणायचे, "त्याला म्हणावं, पुन्ना बघ." गोदामात सोमवारी ट्रक लावता लावता साहेब मला विचारायचा, "ते माझ्यावर रागावलेत का?" मी म्हणायचे, रागावले नाहीत, वाट बघतायत. त्यानं तो बिचारा आणखीच अस्वस्थ व्हायचा.

मधल्या काळात आबांनी तुकडीला कामाला लावलं होतं. आमच्या रेटण्यात काही ताळमेळ नसे. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो ढकलायचा, आणि साहेब इंग्रजीत एक-दोन-तीन मोजून घसा फोडायचा. आबांच्या भागात नाथाच्या जत्रेत बगाड निघतं. लाकडाचा अवाढव्य गाडा, जाडजूड चाकं, पुढे बैलांच्या जोड्या. तो शेतातल्या मऊ मातीत रुतला, की गडी मागून खांदे लावतात आणि एक जण आरोळी देतो. ती आरोळी देण्याचं काम कित्येक वर्षं आबांचं होतं. त्यांनी साहेबाला हातानं गप्प केलं. सगळ्यांना गुडघ्यात वाकायला लावलं, श्वास घ्यायला लावला, आणि मग ओरडले, "नाथाच्या नावानं..."

"चांगभलं!" हे मला एकटीलाच म्हणावं लागलं. पण चार-सहा रविवारांत एक प्लंबर, एक निवृत्त नर्स, पापाकुरातले दोघे भाऊ आणि खुद्द साहेब, सगळे एका दमात "च्यांगबाला!" म्हणून खांदा टाकायला लागले. शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही. आरोळी आली की अंग आपोआप पुढे जायचं, इतकं ते मुरलं.

आबांच्या मुलाला मात्र हे सगळं अजिबात मंजूर नव्हतं. एकदा त्यानं मला रिसायकलिंगच्या डब्यांपाशी गाठलं.

"तू आबांना हे काय नादाला लावलंयस? त्यांना स्टेंट आहे. शेतात काही झालं तर मी गावाला काय तोंड दाखवू?"

"डॉक्टरांनी हो म्हटलंय. आणि तू एकदा येऊन बघ तरी."

"काय बघू? लोकांचे वडील देवळात भजनाला जातात. माझे फुगलेली चड्डी घालून गोऱ्यांपुढे पळतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "या फेब्रुवारीनंतर बंद. मी त्यांना सांगितलंय. तसंही हिवाळ्याआधी ते कायमचे गावी जायचं म्हणतायत."

म्हणजे आता एकच लढाई उरली होती. तिच्यातही पळाले, तर आबा कायमचे पळालेलेच राहणार होते.

जानेवारीत साहेब सरावाला आला तोच हसत. आबांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याच पद्धतीनं छाती भरून म्हणाला, "थोडे लोक थांबले होते. बाकीची रांग मोडली तरी निशाणाजवळ मूठभर माणसं हलली नाहीत. मी पुन्हा वाचलं."

मी मराठीत सांगितलं. आबांनी साहेबाचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

ठरलं ते असं. बाकीचे पळतील. निशाणाजवळ आबा, साहेब, मी आणि आणखी दोघं-तिघं थांबू. राजाची माणसं आम्हाला घेरतील आणि आम्ही एकेक करून मरून पडू. "मरायला माझी हरकत न्हाई," आबा म्हणाले. "जागेवर मरू म्हंजे झालं."

लढाईच्या दिवशी आभाळ स्वच्छ आणि ऊन कडक. पुकेकोहेची ती लाल माती, दोरीला धरून बसलेली माणसं, मुलांच्या हातात आइस्क्रीम. शेजारच्या शेतात उपटलेला कांदा ओळीनं वाळत पडलेला. लाउडस्पीकरवर एक गृहस्थ कागदावरून लढाईचं वर्णन वाचत होते. नगारा वाजला. माझ्या उजव्या खांद्याला आबांचा खांदा लागला. 

रांगा भिडल्या. राजाची बाजू तगडी, त्यात त्या डॉक्टरच्या क्लबातली रग्बीची पोरं. दोनदा रेटलं, तिसऱ्यांदा आम्ही सरकलो, आणि ठरल्याप्रमाणे आमची रांग मोडली. डावीकडचे गेले, उजवीकडचे गेले. "पळा, पळा," असं ओरडत सगळे टेकाडाकडे निघाले. आम्ही मूठभर उरलो, आणि समोर भिंत. डॉक्टरनं मला हळूच डोळा मारला, म्हणजे आता मर.

मी मरायच्या तयारीत गुडघे सैल सोडले. तेवढ्यात शेजारी श्वास भरल्याचा आवाज आला. ठरवून नव्हे हो, हे आबांनी पुढे मला शपथेवर सांगितलं. खांद्याला भार आला, पायाखाली माती सरकली, की त्यांच्या तोंडून जे जन्मभर निघत आलं तेच निघालं.

"नाथाच्या नावानं...!"

पळणाऱ्यांच्या कानांवर ती आरोळी पडली आणि त्यांचे पाय जागच्या जागी थांबले. हिवाळाभर त्या आरोळीला त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. लढाई कोणती, इतिहास काय, कुणालाही आठवलं नाही. प्लंबर वळला, नर्स वळली, पापाकुरातले भाऊ वळले. सगळे धावत परत आले, वाकले, आणि "च्यांगबाला!" म्हणून आमच्या पाठीत असा काही खांदा घातला, की माझे पाय जमिनीवरून सुटले.

राजाचं सैन्य बेसावध होतं. आता हे मरणार, म्हणून ती माणसं सैलावली होती. ती एक पाऊल मागे गेली. आबांनी पुन्हा श्वास घेतला. दुसरं पाऊल, तिसरं पाऊल. आम्ही उतारावर आलो आणि मग थांबणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. लाउडस्पीकरवरचे गृहस्थ मान खाली घालून वाचतच होते: "आणि अशा रीतीनं पार्लमेंटचं पायदळ आता पूर्णपणे माघार घेत आहे..." लोक हसायला लागले, टाळ्या पिटायला लागले, उभे राहिले. गृहस्थांनी मान वर केली. कागद उलटून पाहिला. मग ते म्हणाले, "वेल... नो."

ट्रॅक्टरसाठी उघडं ठेवलेलं फाटक राजाच्या माणसांच्या मागेच होतं. राजा, त्याचा निशाणवाला, दातांचा डॉक्टर आणि सगळी रग्बीची पोरं त्या फाटकातून थेट कांद्याच्या शेतात गेली आणि एकावर एक कोसळली. लाल धूळ उडाली. त्या शेताचे मालक, ज्यांचे आजोबा गुजरातेतून इथे आले, ते लांबून "मारा कांदा! मारा कांदा!", म्हणजे माझे कांदे, माझे कांदे, करत धावत निघाले, पण जवळ येऊन, राजाला कांद्यात बसलेला बघून तेही कंबरेवर हात ठेवून हसायला लागले. मग बाजूनं तीन घोडी दौडत आली. वाचवायला कुणीच नव्हतं. त्यांनी एक गोल फेरी मारली आणि परत गेली.

मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आठवत नाही. साहेब, इतिहासावर जीव टाकणारा तो माणूस, टोपी हवेत उडवून नाचत होता. "आपण जिंकणारच होतो," तो धापा टाकत म्हणाला, "फक्त जरा लवकर जिंकलो." इतका निर्भेळ आनंद मला नागरिकत्व मिळालं त्या दिवशीही झाला नव्हता.

आबा आता इथे नाहीत. त्याच वर्षी हिवाळ्याआधी ते गावी गेले आणि तिथेच आहेत, खुशाल आहेत. पारावर त्यांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. फौजी मंडळी हसली असणारच. एका निवृत्त सुभेदारांनी विचारलं म्हणे, कसली ही लढाई, कुणाशी? आबा म्हणाले, "इंग्लंडच्या राजाशी. भावकीतली." सुभेदारांनी विचारलं, जिंकली? "ती आधीच जिंकलेली हुती. मी निस्ता पळालो न्हाई." सुभेदारांनी बसल्या जागी थोडं सरकून त्यांना शेजारी जागा दिली. हे आबांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. 

पण डोळे मिटले की मला त्यांच्या गावचा पार दिसत नाही. दिसतं ते पुकेकोहेचं शेत. लढाई संपल्याचा नगारा झाला. मेलेले उठले, राजाला हात देऊन उठवलं, सगळे एकमेकांच्या केसांतली कांद्याची सालं काढत फाटकाकडे निघाले. आबा मात्र जिथे रेटणं थांबलं तिथेच, कांद्याच्या ओळींत, भाला सरळ धरून उभे.

"आबा, झालं. चला आता."

"बदली आल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

मी साहेबाला सांगितलं. तो लगबगीनं पुढे निघाला, आणि अर्ध्यात थांबला. दोरीच्या पलीकडून कुणीतरी आत येत होतं. ऑफिसचा टी-शर्ट, पायांत रबरी चपला, मऊ मातीत पावलागणिक घसरत. आबांचा मुलगा. तो कधी आला होता, किती बघितलं होतं, कुणाला माहीत नाही. डोळे मात्र लाल होते, आणि ते धुळीनं नव्हते.

तो वडिलांसमोर उभा राहिला. दोन्ही हात भाल्याला लावले.

"आबा, मी आलोय. द्या."

आबांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. "रुंद ठेव," म्हणाले. त्यानं पाय रुंद केले. मग आबांनी हात सोडले आणि फाटकाकडे चालू लागले. दोन्ही बाजूंचे शिपाई बाजूला झाले, राजासुद्धा. आबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सॉसेजच्या टेबलाशी जाऊन त्यांनी दोन मागितली.

मुलगा तिथेच उभा होता. माणसं गेली, दोऱ्या निघाल्या, शेताचे मालक कांदे सारखे करायला लागले, तरी तो भाला धरून तसाच उभा. शेवटी त्याची बदली करायला मला जावं लागलं.